परदेशी पक्षी मागवायचाय? आधी कागद, मग पैसे, मग पक्षी

मकाव, आफ्रिकन ग्रे, सन कोन्यूर, काकाकुवा यांचे व्हिडिओ बघून हौस उचल खाते आणि पहिला प्रश्न येतो, "जोडी कितीला पडेल?" जालना असो की लातूर, चौकशी किमतीपासूनच सुरू होते. पण या व्यवहारात किंमत सगळ्यात शेवटी विचारायची असते. पैसे भरून टाकले, पक्षी ठरवला आणि मग परवाना शोधत निघालो, असा उलटा क्रम झाला की प्रकरण हमखास अडकतं. इथला प्रत्येक कागद आधीच्या कागदावर उभा असतो. एखादा मधला सुटला तर मुंबईच्या विमानतळावर पेटी उघडण्याआधीच माल जप्त होतो, आणि त्या पेटीत जिवंत जीव असतो.

माझं मत सुरुवातीलाच सांगतो. एका-दोन पक्ष्यांसाठी थेट आयातीच्या भानगडीत पडू नका. परवाने, एजंट, विलगीकरण, विमानभाडं असा खर्च पक्षी एक असो की वीस, बराचसा तेवढाच येतो. ब्रीडिंगसाठी नवीन रक्त हवं आहे, चार-पाच जणांनी मिळून एक खेप मागवायची आहे, किंवा ती जात भारतात मिळतच नाही, अशा वेळीच आयातीला अर्थ आहे. घरात एक बोलका पक्षी हवा एवढीच हौस असेल, तर शेवटचा भाग आधी वाचा.

जात नक्की करा, तीही शास्त्रीय नावाने

आपल्याकडे बजरी या छोट्या पोपटालाही लव्हबर्ड म्हणतात आणि खऱ्या लव्हबर्डलाही लव्हबर्डच म्हणतात. कॉकटीलचं तर दुकानागणिक "कॉकटेल" झालं आहे. बाजारात हे चालतं, अर्जात चालत नाही. कायदा शास्त्रीय नाव बघतो, कारण कोणता नियम लागणार हे त्यावरच ठरतं.

वन्यजीवांच्या व्यापारावरचा साइट्स नावाचा आंतरराष्ट्रीय करार १९७३ मध्ये वॉशिंग्टनला झाला आणि १९७५ पासून लागू आहे. भारत त्यात १९७६ पासून आहे. या करारात धोक्यातल्या प्रजातींची तीन परिशिष्टं आहेत. पोपटवर्गातले जवळजवळ सगळे पक्षी दुसऱ्या परिशिष्टात येतात, जास्त धोक्यातले पहिल्यात. वगळलेल्या जाती फक्त चार: बजरी, कॉकटील, पीचफेस लव्हबर्ड आणि आपला देशी राघू.

म्हणजे पीचफेस यादीबाहेर, पण त्याच दुकानात शेजारच्या पिंजऱ्यातले फिशर आणि मास्क लव्हबर्ड यादीत. कित्येकांच्या घरी फिशरच्या दहा-दहा जोड्या आहेत आणि याची कल्पनाच नाही. तसाच जावा. पांढरा-करडा, लाल चोचीचा, स्वस्तात मिळणारा हा पक्षी कुणाला "संरक्षित" वाटत नाही, पण तोही दुसऱ्या परिशिष्टात आहे. झेब्रा फिंच, गोल्डियन फिंच आणि कॅनरी मात्र यादीत नाहीत.

मोठ्या पक्ष्यांत निळा-पिवळा मकाव आणि सन कोन्यूर दुसऱ्या परिशिष्टात, तर लाल स्कार्लेट मकाव आणि निळाशार हायसिंथ पहिल्या. पांढरा अंब्रेला काकाकुवा दुसऱ्यात, पण गुलाबी झाक असलेला मोलुक्कन पहिल्यात. आफ्रिकन ग्रे आधी दुसऱ्यात होता, जानेवारी २०१७ पासून पहिल्यात गेला. त्यामुळे ग्रेबद्दल कुणी जुने कागद दाखवून "असंच येतं" म्हणालं तर विश्वास ठेवू नका.

पहिल्या परिशिष्टातला पक्षी धंद्यासाठी जंगलातून आणताच येत नाही. साइट्सकडे नोंदलेल्या ब्रीडरकडचा, पिंजऱ्यात जन्मलेला पक्षी असेल तरच व्यापाराचा मार्ग थोडासा उघडतो. पहिल्या आयातीसाठी या परिशिष्टाच्या वाटेला जाऊच नका.

देशी पक्ष्यांबद्दल थोडक्यात. राघू, मोठा पहाडी पोपट, मैना, मुनिया हे वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ खाली येतात. ते पाळणं, विकणं हा गुन्हा आहे आणि परदेशातून आणला म्हणून त्याला वेगळी सूट गृहीत धरू नये. निळ्या-पिवळ्या रिंगनेकबद्दल दुकानदार काहीही सांगो, रंग बदलला तरी जात राघूचीच, त्यामुळे माझा सल्ला लांब राहण्याचा आहे.

२०२२ नंतर काय बदललं

पूर्वी परदेशी पक्षी एकदा देशात आला की त्याला विचारणारं फारसं कुणी नव्हतं. सीमाशुल्क खात्याच्या हातून निसटला की निसटला. म्यानमारच्या सीमेवरून मिझोराममार्गे परदेशी प्राणी-पक्षी चोरून येतात ते याच भरवशावर. जून २०२० मध्ये केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयाने, ज्यांच्याकडे असे प्राणी आहेत त्यांनी स्वतःहून जाहीर करावेत, कागद मागणार नाही, अशी योजना काढली. सहा महिन्यांची मुदत पुढे मार्च २०२१ पर्यंत वाढवली. नंतर वन्यजीव कायद्यात २०२२ ची दुरुस्ती आली, १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली आणि साइट्सची यादीच आपल्या कायद्यात चौथी अनुसूची म्हणून बसली. फेब्रुवारी २०२४ मध्ये नोंदणीचे नियम निघाले. आता असा पक्षी बाळगणं, दुसऱ्याला देणं, त्याचं पिल्लू होणं आणि तो मरणं, या चारही गोष्टींची नोंद लागते. मोडलं तर तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही.

विकणारा कोण आहे, हे आधी बघा

परदेशातला विक्रेता शोधताना तीन गोष्टी बघायच्या: तो स्वतः ब्रीडर आहे का, त्याच्या देशातून त्या जातीची निर्यात चालते का, आणि त्या देशात सध्या बर्ड फ्लू आहे का.

दुसऱ्या मुद्द्यावर बरेच जण फसतात. "थेट ऑस्ट्रेलियातून आलेली बजरी" अशी जाहिरात दिसली की हसून सोडून द्या. ऑस्ट्रेलिया आपले जिवंत देशी पक्षी व्यापारासाठी बाहेर जाऊ देत नाही, हे धोरण कित्येक दशकांचं आहे. जगभरची बजरी आणि कॉकटील ही पिढ्यान्‌पिढ्या पिंजऱ्यात वाढलेली आहेत.

फसवणुकीचा ठरलेला साचाही माहीत असू द्या. "आफ्रिकन ग्रेची जोडी फुकट, फक्त वाहतूक खर्च द्या" किंवा "फलित अंडी पाठवतो, घरी उबवा." आधी भाडं मागतात, मग विमा, मग "कस्टमने अडवलं, दंड भरा." पक्षी मुळात नसतोच. अंडी आली तरी त्यांना हाच कायदा लागतो.

खरा विक्रेता त्याच्या देशाचा साइट्स निर्यात परवाना काढून देतो. त्या परवान्याची स्कॅन प्रत मागवा आणि पैसे देण्याआधी ओळ न् ओळ वाचा. शास्त्रीय नाव तुमच्या अर्जातल्याशी अक्षर न् अक्षर जुळलं पाहिजे. त्यापुढे परिशिष्टाचा आकडा आणि एक इंग्रजी अक्षर असतं, ते पक्षी कुठून आला ते सांगतं. सी म्हणजे पिंजऱ्यात जन्मलेला, डब्ल्यू म्हणजे जंगलातून पकडलेला, एफ म्हणजे जन्म पिंजऱ्यात झाला पण सी ची पूर्ण अट न बसणारा. तुम्हाला सी हवं. डब्ल्यू दिसलं तर व्यवहार तिथंच थांबवा. वर्णनाच्या रकान्यात पक्ष्याच्या पायातल्या रिंगचे किंवा मायक्रोचिपचे नंबर असतात आणि संख्येच्या रकान्यात नेमके किती पक्षी ते. मुदतही बघा, निर्यात परवाना जास्तीत जास्त सहा महिने चालतो. आपला परवाना यायच्या आतच त्याने निर्यात परवाना काढून ठेवला तर इथं फायली फिरेपर्यंत तिथला कागद संपतो. म्हणून त्याला सांगायचं, माझा परवाना हातात आला की मगच अर्ज कर.

रिंगबद्दल जरा सविस्तर सांगतो, कारण पुढची सगळी ओळख तिच्यावरच चालते. बंद रिंग पिल्लू अवघं काही दिवसांचं असताना, पाय बारीक असतो तेव्हा चढवतात. पाय मोठा झाला की ती निघत नाही आणि नवीन चढवताही येत नाही. त्यामुळे शाबूत बंद रिंग हा पक्षी पिंजऱ्यात जन्मल्याचा बऱ्यापैकी पुरावा असतो. पक्षी हातात घेतल्यावर रिंग हळू फिरवून बघा. कापून पुन्हा जोडल्याचा सांधा आहे का, नंबर घासलेला आहे का, पायाच्या मानाने रिंग फार सैल आहे का. सांधा असलेली उघडी रिंग कुणीही कधीही घालू शकतो.

आपल्या बाजूचे परवाने

पहिलं काम आयईसी, म्हणजे आयात-निर्यात कोड. परकीय व्यापार महासंचालनालयाच्या म्हणजे डीजीएफटीच्या पोर्टलवर पॅनवरून ऑनलाइन निघतो. हे सगळ्यात सोपं काम, एखादा सीए घरबसल्या करून देतो. दरवर्षी एप्रिल ते जूनमध्ये त्यातली माहिती पोर्टलवर कायम किंवा दुरुस्त करावी लागते, नाहीतर कोड बंद पडतो.

दुसरं, राज्याच्या मुख्य वन्यजीव रक्षकांची ना-हरकत. महाराष्ट्राचं हे कार्यालय नागपुरात आहे. तुमच्या गावचं वन्यजीव प्रकरण छत्रपती संभाजीनगर, नांदेड किंवा धाराशिव, ज्या उपवनसंरक्षकांच्या हद्दीत येतं, तिथून अर्ज पुढे गेला तर बरं. नागपूरहून अहवाल मागवला जातो तेव्हा तो तिथूनच जायचा असतो. अर्जात जात, संख्या, उद्देश, देश, विक्रेता, पक्षी ठेवण्याच्या जागेचा नकाशा आणि फोटो द्या. पिंजऱ्याची मापं स्पष्ट लिहा. तपासणीला वनपरिक्षेत्र अधिकारी आले तर पक्षीघर उभं असलेलं दिसलं पाहिजे, "पक्षी आले की बांधतो" हे उत्तर कामाचं नाही. या टप्प्याला वेळ लागतो. पाठपुरावा करा, पण फोनवर नाही, लेखी; आवक क्रमांक टिपून ठेवा.

तिसरं, डीजीएफटीची आयात परवानगी. जिवंत परदेशी पक्षी "निर्बंधित" मालात येतात, म्हणजे मनात आलं आणि मागवलं असं होत नाही. आयईसी, ना-हरकत, विक्रेत्याचं प्रोफॉर्मा इन्व्हॉइस (विक्रीआधीचं अंदाजी बिल) आणि उद्देश जोडून ऑनलाइन अर्ज करायचा. दिल्लीत समिती बसते आणि त्यावर निर्णय होतो. बजरी किंवा फिंच साइट्सच्या यादीत नाहीत म्हणून ही पायरी सुटत नाही, हे लक्षात ठेवा. कुत्र्या-मांजराला परदेशातून परतणाऱ्या प्रवाशाच्या सामानात आणण्याची जी सवलत आहे तिच्या भरवशावर पोपट खांद्यावर घेऊन विमानात बसू नका.

पहिल्या परिशिष्टातली जात असेल तर आणखी एक पायरी वाढते. भारताच्या साइट्स व्यवस्थापन प्राधिकरणाचा आयात परवाना आधी लागतो आणि तो दाखवल्यावरच तिकडचा देश निर्यात परवाना देतो. शिवाय अशा जातीचं ब्रीडिंग करायचं तर मुख्य वन्यजीव रक्षकांकडून स्वतंत्र लायसन्स.

आरोग्याची अट आणि विलगीकरण

इथं लोक कुरकुर करतात, "पक्षी निरोगी आहे, प्रमाणपत्र आहे, मग महिनाभर कशाला अडकवता?" मराठवाड्यातल्या माणसाने तरी हा प्रश्न विचारू नये. जानेवारी २०२१ मध्ये परभणी तालुक्यातल्या मुरुंब्यात शेकडो कोंबड्या मेल्या, नमुने भोपाळच्या प्रयोगशाळेत गेले आणि बर्ड फ्लू निघाला. आजूबाजूच्या कोंबड्या नष्ट कराव्या लागल्या. जानेवारी २०२५ मध्ये उदगीरला कावळे पटापट पडायला लागले, कारण तेच. आपल्याकडे घराच्या मागे गावरान कोंबड्या, समोर छतावर कबुतरं आणि मध्ये लोखंडी जाळीत लव्हबर्ड असं दृश्य घरोघरी आहे. मानमोडी, म्हणजे राणीखेत रोग, काय करते हे कोंबड्या पाळणाऱ्याला सांगायला नको. पोपटांचा आणखी एक आजार सिटॅकोसिस, तो माणसालाही लागतो आणि न्यूमोनियासारखा दिसतो. डॉक्टरांना घरात पक्षी आहेत हे सांगितलं नाही तर निदान चुकायचा धोका असतो.

परदेशातून येणाऱ्या जिवंत प्राण्यांवर पशुधन आयात कायदा १८९८ लागू आहे. केंद्राच्या पशुसंवर्धन खात्याने आरोग्याच्या अटी ठरवलेल्या असतात. त्या आधी मिळवा आणि विक्रेत्याला पाठवा, कारण चाचण्या आणि पाठवण्याआधीचं विलगीकरण त्याला त्याच्याकडे करायचं असतं. तिथल्या सरकारी पशुवैद्यकाची सही-शिक्का असलेलं मूळ आरोग्य प्रमाणपत्र पक्ष्यांबरोबर यायला हवं. खासगी डॉक्टरचं चिठ्ठीवजा पत्र चालत नाही. ज्या देशात बर्ड फ्लूची साथ जाहीर आहे तिथून पक्षी येऊ दिले जात नाहीत. ही यादी बदलत राहते. करार करताना "साथ जाहीर झाली तर रक्कम परत" ही ओळ लिहून घ्या.

पक्षी उतरतात फक्त प्राणी संगरोध (विलगीकरण) केंद्र असलेल्या शहरांत. आपल्यासाठी ते मुंबई. हैदराबादलाही केंद्र आहे, नांदेड-लातूरकडच्यांनी त्याचा विचार जरूर करावा, अंतर कमी पडतं. संभाजीनगरच्या चिकलठाणा विमानतळावर परदेशी पक्षी उतरवता येत नाही. आगमनाची आगाऊ सूचना देऊन केंद्रात जागा राखून ठेवा. विलगीकरण साधारण ३० दिवसांचं असतं, नेमकी अट तुमच्या कागदांवर असते. त्या काळातला खर्च आयातदाराचा. आजार निघाला तर पक्षी परत पाठवणं किंवा नष्ट करणं हेही आयातदाराच्याच खर्चाने. ही जोखीम मनाने आणि खिशाने मान्य असेल तरच पुढे जा.

विमान, कस्टम आणि घरापर्यंतचा रस्ता

विमानाने जिवंत प्राणी पाठवायचे आयाटा या विमान कंपन्यांच्या संघटनेचे नियम आहेत. पेटीचं माप, हवेची भोकं, बसायची दांडी, पाण्याचं भांडं, सगळं त्यात ठरलेलं आहे. विक्रेत्याकडून भरलेल्या पेटीचा फोटो मागवा. विमान थेट असेल तेवढं चांगलं. मध्ये थांबा असेल तर त्या देशाचेही नियम लागू शकतात.

मुंबईत जिवंत माल सोडवण्याचा अनुभव असलेला कस्टम एजंट आधीच ठरवा. बिल ऑफ एंट्री, म्हणजे आयात मालाचा कस्टमचा कागद, तोच भरतो, शुल्काचा आकडाही त्याच्याकडून लेखी घ्या. वन्यजीव गुन्हे नियंत्रण ब्युरोची माणसं माल तपासतात, रिंगचे नंबर परवान्याशी ताडून बघतात. परवान्यावर वीस आणि पेटीत एकवीस असले तर एकविसाव्यापुरताच प्रश्न राहत नाही.

घरी आणताना ऋतू बघा. मे महिन्यात परभणी-बीडकडे पारा बेचाळीसच्या पुढे जातो, तेव्हा युरोपातल्या पक्षीघरातून आलेला पक्षी टिकत नाही. विलगीकरणाचा महिना धरून, पक्षी नोव्हेंबर ते जानेवारीत घरी पोचेल असं वेळापत्रक शेवटाकडून मोजून बांधा. समृद्धी महामार्ग झाल्यापासून मुंबईहून संभाजीनगर-जालना एका रात्रीत होतं. रात्रीच निघा, एसी मध्यम ठेवा, पेटीवर सुती कापड टाका आणि मूळ कागदांचा संच गाडीतच असू द्या.

घरी आणल्यावरही महिनाभर जुन्या पक्ष्यांपासून आणि कोंबड्यांपासून वेगळं ठेवा. भांडी वेगळी, आधी जुन्यांचं दाणा-पाणी करायचं आणि शेवटी नव्यांचं. तिकडचे पक्षी पेलेटवर, म्हणजे तयार गोळी-खाद्यावर, वाढलेले असतात, त्यांना पहिल्याच दिवशी राळा-बाजरी टाकली तर कित्येकदा तोंड लावत नाहीत. विक्रेत्याकडचाच थोडा खुराक मागवून हळूहळू मिसळा. रोज सकाळी विष्ठा बघायची आणि वजन टिपायचं. पक्षी आजार लपवतो, वजन लपवू शकत नाही. साध्या दवाखान्यात पक्ष्यांचा जाणकार मिळेलच असं नाही. परभणी आणि उदगीरला सरकारी पशुवैद्यकीय महाविद्यालयं आहेत, तिथला संपर्क पक्षी येण्याआधीच करून ठेवा.

परिवेशवर नोंद

चौथ्या अनुसूचीतला पक्षी ताब्यात आल्यापासून ३० दिवसांच्या आत पर्यावरण मंत्रालयाच्या परिवेश या ऑनलाइन पोर्टलवर अर्ज करायचा. डीजीएफटीचा परवाना, साइट्स परवाना, बिल ऑफ एंट्री, संगरोध केंद्राचं पत्र, पक्ष्यांचे आणि रिंगचे स्पष्ट फोटो तयार ठेवा. पिल्लू झालं, पक्षी मेला किंवा विकला की पुन्हा नोंद. एक साधी वही घाला: रिंग नंबर, आई-बाप, जन्मतारीख, कुणाला दिला. तपासणीला माणूस आला की पोर्टलचा पासवर्ड आठवत बसण्यापेक्षा ही वही आधी कामाला येते.

ज्यांच्याकडे आधीपासून फिशर, कोन्यूर किंवा मकाव होते त्यांना नियम निघाल्यापासून सहा महिने, म्हणजे ऑगस्ट २०२४ अखेरपर्यंत मुदत होती. ती चुकली असेल तर शेजाऱ्याला विचारत बसू नका. थेट विभागीय वन कार्यालयात लेखी विचारा आणि पोच घ्या.

इथेच घ्यायचा असेल तर

बहुतेकांसाठी हाच शहाणपणाचा मार्ग. देशातल्या ब्रीडरकडे जन्मलेलं पिल्लू आपल्या हवेला सरावलेलं असतं, दाणा ओळखतं, हँडफीड केलेलं, म्हणजे हाताने भरवून वाढवलेलं असेल तर लगेच हातावर येऊन बसतं. दुकान असेल तर २०१८ च्या पेट शॉप नियमांखालची राज्य प्राणी कल्याण मंडळाची नोंदणी भिंतीवर लावलेली आहे का बघा. मग पक्ष्याचे कागद मागा.

"सरकारी कागद आहे" म्हणून जे पुढे करतात, ते पुष्कळदा २०२०-२१ च्या स्वेच्छा घोषणेची पावती असते. ती घोषणा ज्या पक्ष्याची केली त्याच्यापुरती आणि ज्याने केली त्याच्यापुरती आहे. पावतीवर तेव्हा मोठे असलेले दोन मकाव आणि तुमच्या हातात सहा महिन्यांचं पिल्लू, तर त्या पिल्लाचा जन्म कुठे नोंदला आहे ते दाखवा म्हणावं. डीएनए रिपोर्ट हा फक्त नर-मादीचा कागद आहे, मालकीचा नाही. जीएसटी बिलही परवाना होत नाही. हवं ते एवढंच: परिवेशवरची विक्रेत्याच्या नावाची नोंद, तिच्यातला रिंग नंबर पक्ष्याच्या पायातल्या रिंगशी जुळलेला, आणि तुमच्या नावे हस्तांतराचा अर्ज. हा अर्ज तुमच्यासमोर, तुमच्याच मोबाइलवर ओटीपी येऊन भरला जाऊ द्या. "पक्षी आज घेऊन जा, ट्रान्सफर पुढच्या महिन्यात करू" म्हणाला, तर पक्षी कितीही गोड बोलत असला तरी इसार देऊ नका.